पिठल्यातल्या गुठळ्या आणि ०.७७६



कॅरीचा उन्हाळा म्हणजे आमच्याकडे संध्याकाळी सबडिव्हिजनच्या पूलवर जाऊन बसणं. लेक पाण्यात, मी काठावरच्या खुर्चीत, सोबत थर्मासमधला चहा. फोन बघून कंटाळा आला की मी पूलच्या तळाच्या फरशा बघत बसतो. फरशा चौकोनी आहेत, सरळ रेषेत बसवलेल्या आहेत, हे मला पक्कं माहीत आहे. पण पाणी हललं की एक फुगते, शेजारची दबते, रेष नागमोडी होते. एकदा लेकीने विचारलं, "बाबा, काय बघतोयस?" म्हटलं, "फरशा किती वाकड्या दिसतात त्यावरून वर पाणी कसं हलतंय ते ओळखतोय." तिने मैत्रिणीकडे बघून डोळे फिरवले आणि बुडी मारली.

हे वेड मला लागलं एप्रिल २०२३ मध्ये. ऑफिसात डबा खाताना एक बातमी वाचली. हवाई बेटावरच्या जपानी सुबारू दुर्बिणीने काढलेल्या फोटोंवरून विश्वातलं वस्तुमान किती 'गुठळ्यांचं' आहे ते मोजलंय. एकदम पाच शोधनिबंध आले होते. त्यातल्या तिघांचा एक संच होता आणि त्या तीन निबंधांचे पहिले लेखक अनुक्रमे सुरहुद मोरे, सुनाओ सुगियामा आणि हिरोनाओ मियाताके. मोरे कुठले, तर आयुका, पुणे. मी पोळीचा रोल खाली ठेवला.

शाळेत असताना मी चिंचवडहून पीसीएमटीने विद्यापीठापर्यंत जायचो, आयुकातली दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं ऐकायला. त्या आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. निम्मं डोक्यावरून जायचं, पण पुतळ्यांशेजारी बसून डबा खाताना आपण मोठ्या माणसांत आलोय असं वाटायचं. पुढे इंजिनिअरिंग केलं, आयटीत आलो, इकडे आलो. तुमच्यातल्या निम्म्यांची हीच गोष्ट असणार, त्यामुळे ती पुरे.

आता गुठळ्यांबद्दल. पिठलं करताना डाळीचं पीठ पाण्यात नीट कालवलं नाही तर गुठळ्या होतात हे बॅचलर असताना मी प्रयोगाने सिद्ध केलेलं आहे. विश्वाची सुरुवात मात्र अगदी एकसारख्या कालवलेल्या पिठासारखी होती. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा प्रकाश आजही आपल्यापर्यंत पोचतो आणि त्यात इकडच्या-तिकडच्या तापमानातला फरक लाखात एक एवढाच आहे. इतकं गुळगुळीत. पण लाखात एक का होईना, फरक होता. जिथे वस्तुमान किंचित जास्त, तिथे गुरुत्वाकर्षण किंचित जास्त, म्हणून आजूबाजूचं आणखी तिकडे ओढलं गेलं. पैशाकडे पैसा जातो तसंच. १३८० कोटी वर्षं हे चाललंय. त्यातून दीर्घिका झाल्या, दीर्घिकांचे समूह झाले, समूहांचे महासमूह झाले. आयुका आणि पुण्याच्याच आयसरमधल्या मंडळींनी २०१७ मध्ये असा एक महासमूह शोधून जाहीर केला आणि त्याला 'सरस्वती' नाव दिलं. आपल्यापासून सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं दूर आहे ही गुठळी.

पण या गुठळ्या होण्याला विरोध करणारं कुणीतरी आहे. विश्व प्रसरण पावतंय आणि ज्याला आपण कृष्ण ऊर्जा म्हणतो (म्हणजे ज्याबद्दल फारसं कळलेलं नाही) ती हे प्रसरण वाढवत नेते. गुरुत्वाकर्षण गोळा करतं, प्रसरण पांगवतं. आज विश्वात किती गुठळ्या आहेत, हा या रस्सीखेचीचा स्कोअर आहे.

त्या स्कोअरला एक आकडा आहे, एस-८. साधारण ४ कोटी प्रकाशवर्षं त्रिज्येचा एक गोल घ्या, तो विश्वात ठिकठिकाणी ठेवा आणि आतलं वस्तुमान सरासरीपेक्षा किती कमीजास्त होतं ते बघा. त्या चढउताराला विश्वात एकूण पदार्थ किती आहे याची जोड दिली की एस-८. आकडा मोठा तर गुठळ्या जास्त. एवढं पुरे.

गंमत अशी की हा आकडा आजच्या आकाशाकडे न बघताही काढता येतो. युरोपच्या प्लँक उपग्रहाने त्या ३ लाख ८० हजार वर्षांच्या प्रकाशाचा नकाशा केला. त्याचे अंतिम निकाल २०१८ चे. तो नकाशा घ्यायचा, आपल्याला माहीत असलेली सगळी भौतिकी लावायची आणि १३८० कोटी वर्षं पुढे पळवायची. उत्तर येतं सुमारे ०.८३. म्हणजे बाळाचा फोटो बघून 'हा मोठेपणी पाच फूट दहा इंच होणार' असं सांगण्यासारखं आहे. मग मोठा झालेला माणूस पट्टी घेऊन मोजायचा. जुळलं तर आपल्याला वाढ समजली. नाही जुळलं तर काहीतरी राहिलंय, कदाचित कृष्ण ऊर्जेबद्दल, कदाचित गुरुत्वाकर्षणाबद्दलच.

मोजायचं कसं? सोपा मार्ग म्हणजे दीर्घिका मोजा. पण त्यात एक खोट आहे. रात्री विमान आरडीयूला उतरायला लागलं की खाली दिवे दिसतात. दिवे कुठे दाट, कुठे विरळ ते कळतं. पण दिव्यांवरून माणसं मोजाल तर फसाल. आउटलेट मॉलच्या पार्किंगमध्ये झगमगाट असतो आणि माणूस एक नसतो. दीर्घिका म्हणजे दिवे. विश्वातला बहुतेक पदार्थ कृष्ण पदार्थ आहे, तो दिसतच नाही आणि दिवे त्याच्याशी नेमके किती प्रमाणात असतात ते आधी माहीत नसतं. म्हणून दिव्यांच्या जोडीला वजनकाटा लागतो.

तो काटा म्हणजे गुरुत्वीय भिंग. वस्तुमानाजवळून जाताना प्रकाश वाकतो. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात एडिंग्टन आणि मंडळींनी सूर्याशेजारचे तारे किती सरकलेले दिसतात ते मोजलं. आइन्स्टाइनच्या हिशेबाने सूर्याच्या कडेला १.७५ विकला यायला हवे होते. (या ग्रहणाकडे मी परत येणार आहे, तिथे एक भानगड आहे.) तसंच दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश येताना वाटेत कृष्ण पदार्थाची गुठळी असेल तर त्या दीर्घिकेचा आकार किंचित ताणलेला दिसतो. फरशा आणि पाणी.

फक्त एक पंचाईत. फरशा मुळात चौकोनी आहेत हे मला माहीत होतं. दीर्घिका मुळात कुठल्या आकाराची होती हे कोण सांगणार? कुणी गोल, कुणी लांबट, कुणी तिरकी. हा मूळचा लांबटपणा भिंगाने आणलेल्या ताणापेक्षा तीसेक पट जास्त असतो. ताण असतो एखादा टक्का. एका दीर्घिकेकडे बघून काहीही कळत नाही. पण मूळ आकार वाटेल त्या दिशेने असतात आणि भिंगाचा ताण शेजाऱ्याशेजाऱ्यांना एकाच दिशेने असतो. हजारभर दीर्घिकांची सरासरी काढली की मूळचे आकार एकमेकांना खोडतात आणि ताण कुठे डोकं वर काढायला लागतो. म्हणून लागतात कोट्यवधी. आकाशात सगळीकडे पसरलेला हा ताण पहिल्यांदा पकडला गेला तो २०००च्या सुमारास, चार वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी. म्हणजे आपण वाय-टू-केचा कोड तपासत होतो तेव्हा.

सुबारूचा आरसा ८.२ मीटरचा आणि त्यावर बसवलेला हायपर सुप्राइम-कॅम हा कॅमेरा ८७ कोटी पिक्सेलचा. २०२३ च्या निकालात वापरलेलं आकाश होतं सुमारे ४१६ चौरस अंश. पौर्णिमेचे दोन हजार चंद्र शेजारी शेजारी मांडले तर एवढी जागा व्यापतील आणि तरी ते संपूर्ण आकाशाच्या फक्त एक टक्का. त्यात आकार मोजण्याजोग्या दीर्घिका अडीच कोटी.

समोरच्या दीर्घिका, म्हणजे दिवे, मात्र दुसरीकडून घेतल्या. न्यू मेक्सिकोतल्या स्लोन सर्वेक्षणाच्या अडीच मीटरच्या दुर्बिणीवर २००९ ते २०१४ बॉस नावाचा प्रकल्प चालला. त्यांची पद्धत मला इतकी आवडली की सांगतोच. आकाशाच्या एकेका तुकड्यासाठी ॲल्युमिनियमची मोठी तबकडी घ्यायची, त्या तुकड्यातल्या दीर्घिका जिथे दिसणार तिथे भोकं पाडायची आणि दिवसा तंत्रज्ञांनी प्रत्येक भोकात हाताने एकेक फायबर खोचायची. एका तबकडीला हजार भोकं! रात्री प्रत्येक फायबरमधून एका दीर्घिकेचा वर्णपट मिळतो आणि त्यावरून तिचं अंतर नेमकं कळतं. विश्वाचा त्रिमितीय नकाशा हा असा मोदकाला कळ्या पाडाव्यात तसा हातांनी झालाय.

मोरे यांच्या निबंधात तीन मोजमापं आहेत. एक, बॉसच्या दीर्घिका एकमेकींभोवती किती घोळक्याने आहेत. दोन, त्या दीर्घिकांच्या भोवती मागच्या दीर्घिकांचे आकार किती ताणलेले दिसतात, म्हणजे दिव्याचं वजन. तीन, मागच्या दीर्घिकांचे आकार आपापसात किती जुळतात. पहिल्यात दिव्यांची खोट आहे, दुसऱ्याने ती खोट किती ते कळतं, तिसऱ्यात दिव्यांचा संबंधच नाही. तिन्ही एकत्र केली की एकमेकांची उलटतपासणी होते. सुगियामा आणि मियाताके यांच्या निबंधांनी या मोजमापांवरून आकडा काढला, पहिल्याने मोठ्या अंतरावरची माहिती वापरून, दुसऱ्याने छोट्या अंतरापर्यंत जाऊन. उरलेल्या दोन निबंधांनी नुसत्या ताणावरून काढला.

चारही आकडे ०.७६ आणि ०.७८ च्या मध्ये. बातम्यांत छापला गेला तो ०.७७६.

प्लँकचं भाकीत ०.८३. पिठलं अपेक्षेपेक्षा गुळगुळीत निघालं. अशी तफावत निव्वळ योगायोगाने पडायची शक्यता साधारण वीसात एक. एका सर्वेक्षणासाठी ही काही बोंब मारण्याजोगी गोष्ट नाही. पण २०२१ मध्ये चिलीतून दक्षिणेचं आकाश बघणाऱ्या डार्क एनर्जी सर्व्हेने दहा कोटी दीर्घिकांवरून काढलेला आकडाही ०.७७६ च होता. (त्यांच्या पहिल्या वर्षाच्या डेटावरच्या ताणाच्या निबंधाचे पहिले लेखक मायकल ट्रॉक्सेल पुढे आपल्या शेजारी ड्यूकला प्राध्यापक झाले. म्हणजे आय-४० वर ट्रॅफिक नसेल तर कॅरीहून अर्ध्या तासावर.) युरोपच्या किड्स सर्वेक्षणाचा २०२० चा आकडा आणखी थोडा कमी, ०.७६ च्या आसपास. वेगळ्या दुर्बिणी, वेगळं आकाश, वेगळी माणसं, आणि सगळ्यांचा कल एकाच बाजूला.

इथे मला माझं एक पाप आठवतं. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या राज्यातल्या एका नोकरीत, माझ्या टीमकडे एक मासिक रिपोर्ट होता. एका महिन्यात आकडा अपेक्षेपेक्षा चार टक्के कमी आला. वरून विचारणा झाली. दोन रात्री जागून आम्ही एक बग शोधला, खराखुरा बग, काही ओळी गळत होत्या. दुरुस्त केला, आकडा वर आला, अपेक्षेशी जुळला. सगळ्यांना हायसं वाटलं, पिझ्झा मागवला. सहा महिन्यांनी कळलं की उलट्या दिशेचा दुसरा एक बग होता, काही ओळी दोनदा मोजल्या जात होत्या. पहिला, चुकीचा वाटलेला आकडाच खऱ्याच्या जास्त जवळ होता. दुसरा बग आम्हाला का सापडला नाही? कारण आकडा जुळल्यावर आम्ही शोधणं थांबवलं.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते हसले. बाबा बँकेत कॅशियर होते. म्हणाले, "अरे, संध्याकाळी टॅली झाली नाही तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसायचो. आणि झाली की सहा वाजता लोकल पकडायचो. टॅली झालेल्या दिवशी दोन चुका एकमेकींना खाऊन बसल्या असतील तर कोण बघायला गेलंय?"

१९१९ ची भानगड हीच. ब्राझीलमधल्या सोब्राल गावी दोन दुर्बिणी होत्या. एकीच्या फोटोंवरून जे विचलन आलं ते आइन्स्टाइनच्या भाकिताच्या निम्म्याच्या जवळपास होतं, म्हणजे न्यूटनच्या हिशेबाच्या बाजूचं. उन्हाने त्या दुर्बिणीचा फोकस बिघडला होता म्हणून ते फोटो बाजूला ठेवले गेले. ते बरोबरच होतं. १९७९ मध्ये ग्रीनिचला त्याच जुन्या काचा आधुनिक यंत्रावर पुन्हा मोजल्या तेव्हा उत्तर आइन्स्टाइनच्या बाजूने आलं. पण बाजूला ठेवायचा निर्णय घेताना कुठलं उत्तर 'हवं' आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावरून लोक शंभर वर्षं वाद घालताहेत.

सुबारूवाल्यांनी यावर केलेला उपाय वाचून मी खुर्चीतून उठलो. विश्लेषण करणाऱ्यांना दीर्घिकांच्या आकारांचे तीन कॅटलॉग दिले गेले. एक खरा, दोनांत मुद्दाम चूक मिसळलेली. खरा कुठला ते विश्लेषण करणाऱ्या एकालाही माहीत नाही. तिघांवर तेच सगळं काम करायचं, तिप्पट. आलेखांवर उत्तराचा आकडा दिसू द्यायचा नाही. प्लँकशी तुलना करायची नाही. आधी ठरवलेल्या सगळ्या तपासण्या पार पडल्या, आता काही बदलायचं नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं, की मगच पाकीट फोडायचं. जे निघेल ते छापायचं. वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांनी स्वतःच्याच डोळ्यांवर बांधलेली ही पट्टी आहे. आमच्या त्या रिपोर्टला कुणी असं करायला लावलं असतं तर आम्ही एचआरकडे तक्रार केली असती :)

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, तिची किंमतही मोजली. मागच्या अडीच कोटी दीर्घिका इतक्या अंधुक आहेत की प्रत्येकीचा वर्णपट घेणं अशक्य. त्यांचं अंतर पाच फिल्टरमधल्या रंगांवरून अंदाजाने काढावं लागतं. हा अंदाज चुकला तर भिंगाचं वजन चुकतं आणि एस-८ चुकतो. फार दूरच्या दीर्घिकांच्या अंदाजावर त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता. मग त्यांनी तो अंदाज मागेपुढे सरकायला मोकळा सोडला आणि किती सरकायचं ते मोजमापांनाच ठरवू दिलं. त्यामुळे उत्तराची अनिश्चितता वाढली, साधारण अधिक-उणे ०.०४ पर्यंत गेली. थोडा आत्मविश्वास दाखवला असता तर निकाल जास्त सनसनाटी दिसला असता.

आणि मग मार्च २०२५. किड्सचा शेवटचा निकाल आला, १३४७ चौरस अंशांवरून. आकडा ०.८१५. प्लँकशी व्यवस्थित जुळणारा. त्याच गटाचा आधीचा आकडा ०.७६ होता! मधल्या काळात त्यांनी आकाश वाढवलं, फोटोंवरची प्रक्रिया सुधारली आणि मुख्य म्हणजे अंतरांचा अंदाज नव्याने घासूनपुसून घेतला. संशयित तोच, जो सुबारूवाल्यांना आधीपासून खटकत होता.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पुण्याचं नाव असलेला आकडा बरोबर ठरावा, काहीतरी नवीन भौतिकी निघावी, अशी माझी मनोमन इच्छा होती. इच्छा होती म्हणजेच माझ्या डोळ्यांवर पट्टी नव्हती, हे लगेच लक्षात आलं. आयुका उभी करणारे जयंत नारळीकर (ते २० मे २०२५ रोजी गेले) आयुष्यभर महास्फोटाच्या सिद्धांतावरच शंका घेत राहिले. बहुतेकांना त्यांचं म्हणणं पटलं नाही, पण सगळ्यांचं जुळतंय म्हणून गप्प बसणं त्यांना जमलं नाही.

पण प्रश्न मिटलाय असंही मला वाटत नाही. सुबारू आणि चिलीतल्या सर्वेक्षणाचे आकडे खाली का आले याचा उलगडा नुसत्या किड्सच्या सुधारणेने होत नाही. दीर्घिकांच्या केंद्रातली कृष्णविवरं वायू बाहेर फेकतात आणि छोट्या अंतरावरच्या गुठळ्या पुसट करतात. तो परिणाम किती, यावरही एकमत नाही. तरी माझा भरवसा एकमेकांची उलटतपासणी करणाऱ्या त्या तिहेरी पद्धतीवर जास्त आहे. युक्लिड दुर्बीण १ जुलै २०२३ ला अवकाशात गेली. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचे पहिले फोटो जून २०२५ मध्ये आले, कॅमेरा ३२० कोटी पिक्सेलचा. दीर्घिका आता अब्जांत मोजल्या जाणार. म्हणजे निव्वळ योगायोगाची सबब संपेल. उरेल ती फक्त पद्धतीतली चूक, नाहीतर विश्वातलं काहीतरी नवीन.

त्या रविवारी बाबांना ०.८१५ ची बातमी सांगितली. त्यांनी विचारलं, "म्हणजे टॅली झाली?" म्हटलं, "त्या एका गटाची झाली." "मग आता त्यांनी लोकल पकडली का?" मी म्हटलं, नाही, अजून बसलेत. "बरं," म्हणाले आणि विषय औषधांवर गेला.

पुण्याला जाणार असाल आणि मुलं शाळकरी असतील तर आयुकाचा दुसरा शनिवार किंवा २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन साधता येतो का बघा. निघायच्या आधी तारीख नक्की करून घ्या. आणि इकडे चॅपल हिलचं मोरहेड प्लॅनेटेरियम आहेच, १९४९ पासूनचं, जिथे अपोलोचे अंतराळवीर तारे ओळखायला शिकले. आमची लेक तिथे जायला तयार झाली आहे, एका अटीवर. बाबाने तिच्या मैत्रिणींसमोर फरशांचा विषय काढायचा नाही.